ओवीला वरचं काही द्यायचं नाही

पहिली गोष्ट, मला कुणी बिचारी म्हणायचं नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून तो शब्द मी इतका ऐकलाय की कान किटलेत. दुसरी गोष्ट, इथली नावं बदललेली आहेत आणि माझं तर मी लिहिलेलंच नाही. आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून खोल्या आहेत आणि आजही तिथं कुणाला काही माहीत नाही. तरी लिहितेय. कारण पोटुशी असताना मला रिपोर्ट कळला, तेव्हा माझ्यासारख्याच एखाद्या बाईनं मला एवढं सांगायला हवं होतं की बाई गं, घाबर, रड, गोळ्या घे, पण घरात बाळाला जो हात लावणार आहे त्याला खरं सांगून ठेव. तसं दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं होतं. पण मॅडमना माझ्या सासूबरोबर दहा बाय बाराच्या खोलीत राहायचं नव्हतं.

बहुतेक

मला चौथा महिना चालू होता. चाकणला एका कंपनीत मी वायरिंगच्या लाइनवर होते. गाडीत रंगीत वायरींच्या जुड्या असतात ना, त्या बांधायचं काम. दिवसभर उभं राहायचं, पण मला ते आवडायचं. लाल कुठं जाते, पिवळी कुठं जाते, डोळे मिटून सांगेन. सरकारी दवाखान्यात नाव घातलं, रक्त दिलं आणि रिपोर्ट घ्यायला लाइनवरच्या एका मैत्रिणीला घेऊन गेले. बाकीच्या बायकांना खिडकीतून कागद मिळत होते. मला म्हणाले, आतल्या खोलीत बसा. मी मैत्रिणीला म्हटलं, रक्त कमी असणार, आता पालक खा म्हणून डोकं खातील.

आत समुपदेशक मॅडम होत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव, वय परत विचारलं. मग सांगितलं. मी पहिल्यांदा म्हणाले की माझं नसेल ते, आडनाव सारखं असेल, नीट बघा. त्या चिडल्या नाहीत. परत दुसऱ्या बोटातून रक्त घेतलं, परत तेच आलं. एचआयव्ही. मला त्या खोलीतलं बाकी काही आठवत नाही, टेबलावर अर्धा खाल्लेला बिस्किटचा पुडा होता तेवढा आठवतो. त्याचं तोंड रबर लावून बंद केलेलं होतं आणि मी त्या रबराकडेच बघत होते.

मॅडम खूप वेळ बोलत होत्या. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, जन्मभर. बाळंतपण दवाखान्यातच. बाळाला जन्मल्यापासून काही आठवडे एक पातळ औषध. आणि पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं काही म्हणजे काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. हे सगळं नीट केलं तर बहुतेक बाळं चांगली जन्मतात आणि चांगली राहतात. एवढं सगळं त्यांनी सांगितलं आणि मी त्यातला 'बहुतेक' हा एकच शब्द घेऊन बाहेर आले.

मैत्रिणीनं विचारलं, काय गं? मी म्हटलं, रक्त कमी आहे. परत येताना आमची रिक्षा चाकणच्या चौकात दोन कंटेनरच्या मधे अडकली. उतरायला जागा नाही, पुढं सरकायला जागा नाही. मैत्रिणीचा खांदा माझ्या खांद्याला चिकटलेला, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती. ती म्हणत होती बीट खा, गुळशेंगदाणे खा. मी हो हो करत होते.

ह्यांना मी गच्चीवर नेऊन सांगितलं, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड. दुसरी जागाच नाही आमच्याकडे. मग ह्यांचीही तपासणी झाली आणि ह्यांचाही रिपोर्ट तोच आला. त्या दिवशी ह्यांनी मला जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. एवढंच लिहिते की पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी 'मीठ हवंय का' यापलीकडे बोलले नाही. आणि जे भांडलो ते कुजबुजत. कुजबुजत भांडणं किती अवघड असतं ते एकदा करून बघा. शिवी घशात अडकून बसते.

लोहाच्या गोळ्या

आमच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. दार लावलं की चर्चा. नवराबायकोत काहीतरी झालं, पाहुणे आले, पैसे आले, काहीही. मालकीणकाकू इथल्याच जुन्या घरातल्या, त्यांची शेती कंपन्यांत गेली आणि त्या पैशात ह्या खोल्या उभ्या राहिल्या. बाई मनानं चांगली, पण गॅलरीतून जाताना मान आत घालून बघितल्याशिवाय पुढं जाणार नाही. अशा खोलीत औषधाची बाटली ठेवायची कुठं? मी तिच्यावरचा कागद नखानं खरवडून काढला आणि सगळ्यांना सांगितलं की लोहाच्या गोळ्या आहेत. पोटुशी बाई लोहाच्या गोळ्या खाते, यात कुणाला काय वाटणार? सुरुवातीला मळमळायचं, तेही कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. मला वाटलं, झकास जमलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. माझ्या आईनं सातव्या महिन्यातच तयारी केलेली. पण माहेरच्या गावी दवाखान्यातली नर्स आमच्याच आळीतली आणि कंपाउंडर माझ्या चुलतभावाचा मित्र. गोळ्यांचं आणि बाळाच्या औषधाचं तिथं काय झालं असतं ते सांगायला नको. मी आईला सांगितलं की डॉक्टर प्रवास नको म्हणतात. आई इतकी दुखावली की बरेच दिवस फोनवर धड बोलली नाही. तिला वाटलं, पुण्याकडे राहून पोरीला गाव नकोसं झालं. खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं तिच्या जिव्हारी लागत होतं.

मग परभणीकडून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. चार लेकरं वाढवलेली बाई, अंगानं काटक, तोंडानं फाटक. येताना एक पत्र्याची पेटी आणि त्यात कपड्यात गुंडाळलेली सहाण घेऊन आल्या. ती सहाण बघितली आणि मला कळलं, ह्या बाळाला गुटी उगाळणार.

सव्वा महिना

ओवीचा जन्म दवाखान्यात झाला, नीट झाला. वॉर्डातली एक मावशी माझी चादर दोन बोटांत धरून उचलायची, जणू तिला चावेल. पण एक सिस्टर अशी होती की तिनं ओवीला पुसून सरळ माझ्या छातीवर ठेवलं आणि म्हणाली, घ्या, तुमची आहे, पाजा. माझी आहे हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं बहुतेक, कारण तोपर्यंत मी तिला हात लावायलाही भीत होते. मी खूप रडले. सिस्टर म्हणाली, रडा पण पाजत रडा.

दूध पाजायचं की नाही यावर मॅडम आधीच आमच्याशी बोलल्या होत्या. ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण मला ते फार उशिरा समजलं. आई गोळ्या वेळेवर घेत असेल तर दुधातला धोका फार कमी होतो. पण बाळाचं आतडं कोवळं असतं. त्यात मध, पाणी, गाईचं दूध, गुटी असलं काही गेलं की आतून ते दुखावतं आणि जे आत शिरायला नको त्याला वाट मिळते. म्हणून नुसतं आईचं दूध चालतं. नुसतं वरचं दूध परवडत असेल आणि स्वच्छ जमत असेल तर तेही चालतं. दोन्ही मिसळलेलं चालत नाही. लाइनवर एक पिन चुकीच्या घरात बसली तर सगळी जुडी परत येते, तसं मी लक्षात ठेवलं होतं. पण हे आत्यांना कसं सांगायचं? असं का, म्हणून त्यांनी विचारलं तर पुढचं सगळंच सांगावं लागणार होतं.

घरी आल्यावर सव्वा महिना मी त्या खोलीत होते. आमच्याकडे बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. खिडकी बंद, वारं लागतं. डोक्याला रुमाल, कानात कापूस. सकाळ-संध्याकाळ शेक आणि धुरी. ह्यांची रात्रपाळी असली की हे दिवसभर त्याच खोलीत तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेले. गोळी घ्यायची वेळ झाली की मी आत्यांकडे पाठ करायची. त्यांनी दोनतीनदा टोकलं की ह्या लोहाच्या गोळ्या उष्ण असतात, दुधातून लेकराला बाधतील, सोड आता. मीच लोहाच्या म्हटलं होतं ना. ओवीचं औषध पाजताना सांगितलं की काविळीचं टॉनिक आहे. एक खोटं झाकायला दुसरं, मग तिसरं. माझं डोकं दिवसभर तेच करत असायचं.

बाळगुटीचं सांगते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, बदाम, खारीक, असं एकेक सहाणेवर मोजके वळसे उगाळायचं आणि बोटानं बाळाला चाटवायचं. आत्यांचा त्यात हातखंडा. पोट दुखणार नाही, दात सोपे येतील, बुद्धी होईल, सगळं त्या गुटीत. खरी रीत म्हणजे ती आईच्याच दुधात उगाळायची. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं वाटी धरली, थोडं दूध काढून दे म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरांनी सहा महिने वरचं काही नको सांगितलंय. त्या हसल्या. डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात, म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या,

"तुझ्या दवाखान्याचं औषध वरून चालतंय, अन् माझी गुटी तेवढी चालत नाई?"

बरोबर होतं त्यांचं. मीच टॉनिक म्हटलं होतं. मी रडले, हट्ट केला, जेवणार नाही म्हटलं. शेवटी त्या 'बरं' म्हणाल्या. पण चाळीत तोवर त्यांच्या गुटीचं नाव झालं होतं. मालकीणकाकूंच्या नातवाला त्या रोज सकाळी गॅलरीत बसून गुटी उगाळून द्यायच्या. आत पडल्यापडल्या मला सहाणेचा आवाज यायचा आणि मी ओवीला जवळ ओढून घ्यायची. ह्यांना सांगितलं, आईला सगळं सांगा. हे म्हणाले, सांगतो, पुढच्या आठवड्यात सांगतो. पुढच्या आठवड्यात ह्यांची पाळी बदलली.

त्या सगळ्या दिवसांत एकच वेळ माझी होती. आत्या ओवीला तेल लावून अंघोळ घालायच्या, दुपट्यात गच्च गुंडाळायच्या आणि मग मला म्हणायच्या, जा, निवांत कर अंघोळ, मी हाय. मोरी गॅलरीच्या टोकाला. कडकडीत पाणी, कडी लावलेली आणि कुणी बघत नाही. मी तिथं उगाचच बसून राहायचे. कधी रडायचे, कधी नुसती पाठीवर पाणी ओतत बसायचे. मला आत्यांचे तेवढ्यापुरते फार उपकार वाटायचे.

वेखंड

सव्वा महिना संपायला थोडे दिवस उरले होते. अंघोळ करून आले, ओवीला पाजायला घेतलं आणि तिच्या तोंडाला वास आला. वेखंडाचा वास लपत नाही. मी तिचा ओठ खाली केला. आत हिरडीला तपकिरी लागलं होतं.

आत्या दारात बसून लसूण सोलत होत्या. मी विचारलं, हिला काय दिलं? त्या म्हणाल्या, काय नाई. मी परत विचारलं. मग त्यांनी लसूण खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या की रोज थोडी चाटवते, तू अंघोळीला गेलीस की, आठवडा झाला, बघ पोरीचं पोट कसं नीट राहतंय. बाजूला वाटी होती. मी ती उचलून भिंतीवर मारली. मग मी उठून दार लावलं, दिवसाउजेडी, आणि त्यांच्यासमोर बसले.

"आत्या, त्या लोहाच्या गोळ्या नाहीत."

"मग कशाच्या हायत?"

मी सांगितलं. एचआयव्ही म्हटलं तर त्यांना कळलं नाही. मग दुसरा शब्द म्हटला, तो त्यांना कळला. त्यांच्या गावात एका ट्रक ड्रायव्हरला झाला होता, त्याला खांदा द्यायला भावकीतली चार माणसं मिळाली नव्हती, हे त्यांनीच मला लग्नानंतर सांगितलेलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग विचारलं, माझ्या पोराला बी? मी मान हलवली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या फुटलेल्या वाटीकडे बघत होत्या. तेवढ्यात बाहेरून मालकीणकाकूंची हाक आली, काय पडलं गं, दार का लावलंय? आत्यांनी आतूनच सांगितलं की काय नाई, हातातनं वाटी निसटली, लेकरू झोपलंय म्हणून दार लोटलं. आवाज जराही हलला नाही. काकू गेल्या. मग आत्या माझ्याकडे वळल्या.

"अन् हिला?"

"अजून माहीत नाही. म्हणून तर वरचं काही देऊ नका म्हणत होते."

"मग आदी सांगायचं की गं. मी काय इख घातलं का लेकराला माझ्या हातानं?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. खूप ओरडायचं होतं. पण त्या बाईला काय म्हणणार? मी तिला लोहाच्या गोळ्या सांगितल्या, टॉनिक सांगितलं आणि तिनं जे आजीनं करायचं ते केलं. ओवी भुकेनं रडायला लागली. मी पाजायला घेतलं आणि घाबरले, आता पाजू की नको? आतडं दुखावलेलं असेल तर माझं दूधच तिला मारेल. न पाजावं तर ती उपाशी. मी तिला पदराखाली धरून तशीच बसले, ना पाजलं ना दूर केलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वेळ कोणती, तर रिपोर्टची नाही, ही.

ह्यांना कंपनीत फोन केला, ह्यांनी मॅडमना केला. मॅडम म्हणाल्या की पाजणं थांबवू नका, गाईचं दूध सुरू करू नका, गुटी आजपासून बंद, गोळ्या आणि बाळाचं औषध चुकवू नका, धोका थोडा वाढला असेल पण झालंच असं मुळीच नाही. तपासणी ठरलेल्या वेळी करू. मी पाजलं. ओवी चुटूचुटू प्यायला लागली, तिला काय माहीत.

संध्याकाळी हे घरी आले. आत्यांनी ह्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले, जोरात, लहानपणी घालत असतील तसे. मग हात धुऊन ताट वाढलं. हे जेवताना रडत होते आणि त्या भाकरी वाढत होत्या.

गॅलरी

मी आत्यांना देवी करणार नाही. पुढचे काही दिवस त्यांनी माझा पेला दोनदा घासला, मी बघितलं. माझ्या ताटातलं उरलेलं त्या आधी खायच्या, ते बंद झालं. मी राग धरला नाही, कारण रिपोर्ट कळल्यावर मी स्वतःच माझा कप वेगळा ठेवला होता. एकत्र जेवल्यानं, पेल्यानं, लेकरू घेतल्यानं होत नाही हे मला मॅडमनी सांगितलेलं, मी ते आत्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटायला वेळ लागला. एक दिवस त्यांनी माझ्या पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं, तहान लागली होती म्हणून. प्यायल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्या परत लसूण सोलायला लागल्या.

पण आता कोंडलेले आम्ही तिघं होतो. गावाकडून नणंदेचा फोन आला की आत्या म्हणायच्या, समदं चांगलंय, आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ओवीच्या अंगावर एक पुटकुळी दिसली तरी तिला उजेडात नेऊन बघायच्या. चार लेकरं वाढवलेली बाई, तिला आता घामोळं ओळखू येईना. मला कधी कधी वाटायचं, बरं झालं, भोग आता तू पण. मग लगेच वाईट वाटायचं.

आणि मालकीणकाकू. दोनतीन दिवस सहाण वाजली नाही म्हणून त्या दारात आल्या. "म्हातारे, आमच्या नातवाची गुटी राहिली की. आन् तुमी तुमच्या नातीलाबी देत न्हाई व्हय आता? काय झालंय काय?" सरळ मनानं विचारलं त्यांनी, पण आम्हां दोघींचे चेहरे उतरले. एवढी नावाजलेली गुटी स्वतःच्या नातीलाच का नाही, हा प्रश्न चाळीत एकदा फिरायला लागला असता तर कुठं जाऊन थांबला असता? आत्या म्हणाल्या, माझा हात दुखत होता, उद्यापासून उगाळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत सहाणेचा आवाज आला. मी ओवीला उचलून कोपऱ्यात जाऊन बसले. बाहेर काकूंच्या नातवाला चाटवून झालं. मग आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता आमच्या ओवीची पाळी," आणि वाटी घेऊन आत आल्या. दार अर्धं लोटलं. मी ओवीला घट्ट धरलं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, वाटीत बोट फिरवलं आणि ते बोट स्वतःच्या तोंडात घातलं. सगळी वाटी चाटून पुसून संपवली. तोंड इतकं वाकडं झालं की काय सांगू. मग वाटी घेऊन बाहेर गेल्या आणि काकूंना म्हणाल्या, खाल्ली बघा शहाण्यावानी.

सहा महिने होईपर्यंत रोज सकाळी हेच.

तपासण्या

सव्वा महिना झाल्यावर बाळंतिणीनं पहिलं पाऊल देवाच्या दारात टाकायचं. आत्यांनी देहूला जायचं ठरवलेलं. आम्ही आधी दवाखान्यात गेलो. ओवीच्या टाचेला सुई टोचली, रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतले, ते वाळवून लांब कुठं पाठवले. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागतील म्हणाले. ते दिवस कसे काढले ते विचारू नका. आत्यांनी त्या दिवसांत गोड खाल्लं नाही. कुणाला नवस बोलल्या ते सांगितलं नाही.

पहिला रिपोर्ट चांगला आला. मॅडम म्हणाल्या, आनंद करा, पण दूध चालू आहे तोवर तपासण्या चालू. सहा महिन्यांनी परत चांगला. त्यानंतर वरण-भात सुरू केला, वर्षानंतर अंगावरचं दूध हळूहळू सोडवलं, आणि शेवटची तपासणी दीड वर्षाची झाल्यावर. दर वेळी तेच बाकडं, तीच रांग, आणि ओवी माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या मोजल्यासारख्या फिरवत असलेली. मी दर वेळी स्वतःला सांगायचे की गुटी आठवडाभरच गेली होती. दर वेळी दुसरा आवाज म्हणायचा, आठवडा पुरतो.

आता ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांना सांगते. तुम्ही घरात सगळ्यांना सांगा असं मी म्हणणार नाही. मी नाही सांगितलं, सांगणारही नाही, मला त्या चाळीत राहायचंय. पण बाळाला न्हाऊ घालणारा, गुटी उगाळणारा, मध चाटवणारा जो हात आहे, त्याला आधी सांगा. तो हात दुष्ट नसतो, म्हणूनच जास्त भीती. सांगवत नसेल तर दवाखान्यात घेऊन जा, मॅडम सांगतात. मी ते केलं असतं तर ते दिवस तरी वाचले असते.

शेवटच्या तपासणीला आत्या मुद्दाम गावाहून आल्या. मॅडमनी कागद बघितला आणि हसल्या. ओवीला नाही. आता परत यायचं नाही हिच्यासाठी, म्हणाल्या, फक्त तुमच्या गोळ्यांसाठी यायचं. मी आणि हे बाकड्यावरच बसून राहिलो. माझी गोळी रोज आहे, ह्यांची आहे, ती सुटणार नाही, आणि घरी गेल्यावर बाटलीवरचा कागद मी परत नखानं खरवडणारच आहे. पण ओवी सुटली. रिक्षात आत्यांनी ओवीला मांडीवरून खाली उतरवलंच नाही.

घरी आल्यावर त्यांनी पेटीतून सहाण काढली. आता काय गुटीचं वय राहिलंय तिचं, दीड वर्षाची घोडी, दाराबाहेर पळते. तरी त्यांनी गॅलरीत बसून सगळं एकेक उगाळलं, वाटी घेऊन आत आल्या आणि सवयीनं दार अर्धं लोटलं. सवयीनंच बोट स्वतःच्या तोंडाकडे नेलं. मग थांबल्या. माझ्याकडे बघून विचारलं.

"देऊ का गं?"

मी मान हलवली. त्यांनी ओवीला जवळ घेतलं आणि बोट तिच्या तोंडात घातलं. ओवीनं एकदा चघळलं, डोळे मोठे केले आणि सगळं त्यांच्या लुगड्यावर थुंकलं.

आत्या त्या डागाकडे बघत राहिल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

"तुझ्या वाटची वाटी रोज मी खाल्ली, अन् तुला एक बोट जाईना व्हय गं भवाने?"